मुरमाची वाट आणि आम्ही चौघी

‘ग्रॅव्हल बायकिंग’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या तोंडून. म्हटलं, म्हणजे काय रे बाबा? तर म्हणे, ‘आई, डांबरी सोडून खडीच्या, मातीच्या रस्त्यानं डोंगरात लांब लांब सायकल चालवायची.’ आता यात नवीन ते काय! आमच्या लहानपणी डांबरी होतं कुठे? दप्तर कॅरिअरला लावून मुरमाच्या रस्त्यानंच तर शाळेत जायचो आम्ही. फरक एवढाच, की दहावी झाली, सायकल धाकट्या भावाकडे गेली आणि पुढे लग्न झाल्यावर सायकलचं नावही कुणी काढलं नाही. तुमच्यापैकी किती जणींची हीच गोष्ट असेल!

तिकडे परदेशात मात्र या मुरमाचं मोठं प्रस्थ आहे. अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या एम्पोरिया नावाच्या लहानशा गावी २००६ पासून २०० मैलांची, म्हणजे ३२० किलोमीटरची शर्यत होते. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धासुद्धा झाली, त्यात बायकांची वेगळी शर्यत होती. त्यांच्या सायकली वाकड्या हँडलच्या, जाड टायरच्या, डिस्क ब्रेकच्या. किमती ऐकल्या तर आपल्याला सोन्याचा भाव आठवावा!

पण मैत्रिणींनो, तशी सायकल लागतच नाही. आपल्या जिन्याखाली बघा. मुलानं नववीत हट्टानं घेतलेली आणि कॉलेजला गेल्यावर धूळ खात पडलेली गियरची सायकल तिथे नक्की असते. आमच्याकडेही होती. सातारच्या आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्या काकांनी ती उघडून साफ केली, केबल बदलल्या आणि काट्याकाट्यांचे टायर काढून पावणेदोन इंची, जरा गुळगुळीत टायर घातले. सीटची उंची करून दिली. पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी. ‘वहिनी, गुडघं दुखत्यात ते सायकलनं न्हाई, खाली सीटनं,’ हे काकांचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते.

दुसरी गोष्ट हवेची. आपल्याला वाटतं, टायर दगडासारखा टणक हवा. डांबरीवर ठीक आहे. मुरमावर मात्र टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि तो हादरा थेट मनगटात, मानेत येतो. हवा थोडी कमी ठेवली की टायर खड्याला कवेत घेतो, जमिनीला जास्त चिकटतो, घसरत नाही. माझ्या वजनाला ३५ ते ४० पॉइंट पुरतात. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब चावली जाते, तेव्हा बेतानंच.

आमच्या चौघींचा गट जमला तो भिशीतून. मी, शेजारच्या वहिनी, बँकेतली एक मैत्रीण आणि सगळ्यांत थोरल्या म्हणजे ५८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही बाई म्हणतो. पहाटे गावाबाहेर १० किलोमीटर, मग १५, असं करत वर्षभरात बळ आलं. तेव्हा बाईच म्हणाल्या, ‘कासवरून खाली बामणोलीला उतरू, लाँचनं तापोळ्याला जाऊ आणि महाबळेश्वर चढून परत येऊ. तीन दिवस, दोन मुक्काम.’

झालं! घरोघरी एकच प्रश्न. खर्चाचा नाही, तब्येतीचा नाही. ‘सोबत पुरुषमाणूस कोण आहे?’ माझे सासरे तसे कधी कशाला आडकाठी न करणारे, पण तेही पेपर खाली ठेवून म्हणाले, ‘चौघी बायकाच? जंगलातनं?’ वहिनींच्या घरी तर तोडगा निघाला, की दीर जीपनं मागून येतील. वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘भावजी जीपनं येणार असतील तर मीही जीपमध्येच बसते की. सायकल कशाला मग?’ त्यावर चार दिवस त्या घरात अबोला होता. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, ‘जाऊ दे तिला. माहेरी तरी कुठं गेलीय चार वर्षांत.’

मला विचाराल तर या सगळ्या प्रवासातला खरा घाट तो होता. पुढचे डोंगर गियर टाकून चढता येतात.

रस्त्याचं सांगते. साताऱ्यातून समर्थ मंदिराकडून निघालं की लगेच यवतेश्वरचा घाट. कास इथून पंचवीसेक किलोमीटर आणि चढ सगळा मिळून ५०० मीटरच्या आसपास. पुढची लहान चकती, मागची मोठी, आणि बोलता येईल इतक्याच वेगानं. धाप लागून बोलणं थांबलं की समजायचं, आपण उगाच घाई करतोय. वर पोचलं की एका अंगाला कण्हेरचं पाणी, दुसऱ्या अंगाला उरमोडीचं, आणि आपण मधल्या सोंडेवरून चाललेलो. गाडीतून हे दिसतं, पण मान वळवेपर्यंत संपतं.

कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं. आम्ही मुद्दाम डिसेंबर निवडला. फुलांच्या दिवसांत, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरात तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद अशी फुलं बघायला जावं, पण पायी. तिथली माती वितीएवढीही खोल नसते, कातळावरचा नुसता थर. त्यावर चाक गेलं की संपलं. हे मी जरा रागानंच लिहितेय, कारण फोटोसाठी फुलांत आडव्या केलेल्या सायकली मी पाहिल्यात.

पठारावरून कुमुदिनी तळ्याकडे मातीची वाट जाते, तिला लोक राजमार्ग म्हणतात. खरा मुरुम इथे! लाल माती, मोकळे खडे, मध्येच उघडा कातळ, आणि बाजूला वाऱ्यानं खुजी राहिलेली झाडं. काही काळ नुसता चाकाखालचा करकर आवाज. ट्रकचा हॉर्न नाही, ‘ओ काकू, सांभाळून’ म्हणत अंगावरून जाणारी मोटारसायकल नाही. हायवेवर सायकल चालवताना माझे खांदे कायम कानाला लागलेले असतात. ते इथे आपोआप खाली आले. बँकेतली मैत्रीण तर मोठ्यानं गाणं म्हणायला लागली. मी तिला आठ वर्षं ओळखते, ती गाते हे मला माहीत नव्हतं.

मुरमावर उताराला मात्र डोकं थंड हवं. वळण येण्याआधीच दोन्ही ब्रेक हलके हलके दाबून वेग कमी करायचा, वळणात पुढचा ब्रेक जोरात धरायचा नाही, नाहीतर चाक सरकतं. पेडल समपातळीत, सीटवरून जरा उठून वजन मागे. आणि भीती वाटली तर उतरून हातात धरून चालायचं. बाई तीनदा उतरल्या आणि तिन्ही वेळा म्हणाल्या, ‘मला कुणाला काही दाखवायचं नाहीये.’

जनावरांचं म्हणाल तर या भागात गवे आहेत, अस्वल आणि बिबट्याही आहे. आम्ही उजाडल्यावर निघायचो, चारच्या आत मुक्कामी. गर्द झाडीत घंटी वाजवत राहायचं. गवा दिसला तर थांबायचं, फोटो काढायला पुढे जायचं नाही, तो आपल्या वाटेनं जातो. पलीकडचं कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे वासोट्यालाही वनखात्याची परवानगी काढून पायीच जातात, सायकल नाही.

बामणोलीला उतरलो तेव्हा समोर शिवसागर पसरलेला. कोयना धरणाचं हे पाणी. साठच्या दशकात या खोऱ्यातली गावंच्या गावं त्याखाली गेली आणि माणसं कुठकुठे नेऊन वसवली. उरलेल्या वाड्यांना लाँच हीच एसटी. चारही सायकली लाँचवर चढवल्या तेव्हा शेजारी बाजाराची पिशवी घेऊन बसलेल्या एका आजींनी विचारलं, ‘कुणाकडं निघालायसा, बायांनो?’

‘कुणाकडंच नाही, आजी.’

‘मग काय इकायला आणलंय व्हय?’

‘नाही. नुसतंच फिरायला.’

आजी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मी ह्या समद्या वाटा चाललीया. मोळी घिऊन, न्हाईतर प्वार घिऊन. मोकळ्या हातानं न्हाई कंदी.’ तापोळा येईपर्यंत आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. या खोऱ्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडीच्या कामाला गेले. इथली शेतं, गुरं, म्हातारी माणसं सांभाळली ती बायकांनीच, आणि त्यांना सोबत कोण पुरुष आहे असं कुणी विचारलं नसेल.

दुसऱ्या दिवशीची तापोळा ते महाबळेश्वर ही चढण सगळ्यांत कठीण. २५-३० किलोमीटर, आणि वर जायचं ७०० मीटर. साडेपाच तास लागले आम्हाला. दर तासाला थांबून चिक्की, केळं, मीठ-साखरेचं पाणी. वहिनींची ट्यूब फुटली ती आम्ही चौघींनी मिळून वीस मिनिटांत बदलली. हे पंक्चरवाल्या काकांच्या दुकानात बसून शिकून घेतलेलं. जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप एवढं हवंच. आणि जे कुणी लिहीत नाही ते लिहिते : सलवारीखाली घालायची जाड गादीची सायकलची चड्डी मिळते, ती घ्याच. वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून पाणी कमी पिऊ नका. आम्ही पाळीपाळीनं ओढणी आडवी धरायचो, विषय संपला.

तिसऱ्या दिवशी केळघर घाटातून मेढ्याला आणि मेढ्याहून साताऱ्याला. जवळजवळ सगळा उतारच. घरी पोचले तर सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तापोळ्याला पाणी किती आहे?’ मी सांगितलं. मग म्हणाले, ‘मी कधी गेलो नाही तिकडे.’

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकल शिकवली होती, आणि खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका ती शिकल्या होत्या. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं विशीत एकटीनं सायकलवरून जगाला फेरी मारली, सुमारे २९ हजार किलोमीटर. आमचं जेमतेम १२० किलोमीटर!

यंदा आम्ही सहा जणी आहोत. नव्या दोघींपैकी एकीला अजून सायकलच येत नाही. ती रोज पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर येते, बाई मागून सीट धरून पळतात. काल पहिल्यांदा त्यांनी हात सोडला, आणि ती मैदानाच्या कुंपणापर्यंत गेली.