युद्धानंतर (लेखांक ६) : दोन मिनिटांची शांतता

११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. तो दिवस पाळायचा कसा, यावर ब्रिटनमध्ये मात्र कधीच एकमत झालं नाही.

१९ जुलै १९१९ ला सरकारने देशभर शांतता दिन साजरा केला. लंडनमध्ये मोठं संचलन झालं. लंडनच्या उत्तरेला असलेल्या लूटनमध्ये माजी सैनिकांना मेलेल्या सोबत्यांसाठी बागेत वेगळी प्रार्थनासभा घ्यायची होती. नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि स्वतःच्या मेजवानीचा बेत आखला. लोक भडकले. रात्री टाउन हॉल जळून खाक झाला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राजे पंचम जॉर्ज यांनी दोन मिनिटं शांतता पाळण्याचं आवाहन केलं. ही सूचना दक्षिण आफ्रिकेच्या पर्सी फिट्झपॅट्रिक यांची. त्यांचा मुलगा १९१७ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला होता. इतकी वर्षं ही प्रथा टिकली, याचं कारण मला असं वाटतं की तिच्यात कुणी कुणाला काही सांगत नाही. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला विजयाचा अभिमान वाटत असेल, दुसरा ज्यांनी आपल्या पोराला तिकडे पाठवलं त्यांच्यावर मनातून संतापलेला असेल. दोघांनाही तिथे जागा आहे.

बाकी सगळ्यावर वाद झाले. सुरुवातीच्या वर्षांत ११ नोव्हेंबरच्या रात्री नाचगाण्याच्या मेजवान्या होत. १९२५ मध्ये डिक शेपर्ड या धर्मगुरूंनी त्यावर जाहीर हरकत घेतली आणि अल्बर्ट हॉलमध्ये त्या रात्री नाचाऐवजी प्रार्थना झाली. शेपर्ड यांची तळमळ खरी होती. पण खंदकातून जिवंत परतलेल्या पंचविशीतल्या मुलाला त्या रात्री नाचावंसं वाटलं, तर त्यात मला काहीच गैर दिसत नाही. मग आलं फुलांचं भांडण. १९२१ पासून माजी सैनिकांच्या मदतीसाठी लाल पॉपीची कृत्रिम फुलं विकली जात होती. १९३३ मध्ये सहकारी चळवळीतल्या स्त्रियांच्या संघटनेने पांढरी पॉपी काढली : आठवण ठेवू, पण पुन्हा युद्ध नको. अनेकांना तो मृतांचा अपमान वाटला, आजही काहींना वाटतो.

या सगळ्यात हॅरी पॅच यांची भूमिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ते खंदकात लढलेले शेवटचे हयात ब्रिटिश सैनिक होते. २२ सप्टेंबर १९१७ च्या रात्री बेल्जियममधल्या पासेंडेलच्या लढाईत एक तोफगोळा फुटला. त्यात ते जखमी झाले आणि त्यांच्या मशीनगनच्या तुकडीतले तिघे सोबती मेले. त्यानंतर वयाची शंभरी गाठेपर्यंत ते युद्धाबद्दल बोलले नाहीत. त्यांचा स्मरणदिन २२ सप्टेंबर. नोव्हेंबरातला सरकारी सोहळा त्यांना निव्वळ देखावा वाटे आणि तसं ते उघड म्हणत. तरी २००८ मध्ये, नव्वदाव्या वर्षदिनी, ते चाकाच्या खुर्चीतून लंडनच्या युद्धस्मारकापाशी आले. त्याआधी २००४ मध्ये ते शत्रुपक्षाकडून लढलेल्या एका म्हाताऱ्या सैनिकालाही भेटले होते. २००९ मध्ये, १११ व्या वर्षी ते गेले. अंत्यविधीत बंदुका नकोत, ही त्यांची इच्छा पाळली गेली.

ज्याने युद्ध अंगावर झेललं, त्यालाच सरकारी तारीख परकी वाटत होती. म्हणून अमुक फूल लावलं नाही, अमुक दिवशी उभा राहिला नाही, एवढ्यावरून कुणाची निष्ठा मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढच्या आठवड्यात आपल्याकडे येऊ. १९१९ च्या डिसेंबरातल्या सरकारी शांतता-उत्सवावर खिलाफत चळवळीने बहिष्काराची हाक दिली होती. दुसरीकडे इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींतली किती माणसं घरी परतलीच नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारखा महायुद्धाचा स्मृतिस्तंभ किंवा दगडी पाटी तुमच्या गावात असेल, तर तिच्यावरचा मजकूर आणि घरात ऐकलेली हकीकत जरूर लिहून कळवा.