वाळवंटातील अभयारण्ये आणि भाड्याची कॅरॅव्हॅन : नाशिक रोडहून एक आखणी

महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि तेव्हापासून झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेले वाहन भाड्याने घेऊन सहकुटुंब निघण्याची कल्पना मराठी घरांतील सुट्ट्यांच्या बेतात हळूहळू डोकावू लागली. असे वाहन खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते जिथे वस्ती विरळ, निवासाच्या सोयी तुटपुंज्या आणि पाहण्यासारख्या जागांमधील अंतरे मोठी असतात तिथे; म्हणजेच वाळवंटी प्रदेशात. महाराष्ट्रात वाळवंट नसले, तरी नाशिक रोडहून निघणाऱ्या प्रवाशाला गुजरातमधील कच्छचे छोटे रण आणि राजस्थानातील जैसलमेरचे डेझर्ट नॅशनल पार्क ही दोन संरक्षित क्षेत्रे दहा-बारा दिवसांच्या एकाच फेरीत पाहता येतात. मात्र अमेरिकेतील किंवा नामिबियातील चित्रफिती पाहून या सहलीची जी कल्पना मनात तयार होते, ती भारतात जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण आपल्याकडे कॅरॅव्हॅन अभयारण्याच्या दारापर्यंत नेते, आत नेत नाही. म्हणून या सहलीची आखणी वाहनापासून नव्हे, तर ऋतू, परवाना आणि पाणी या तीन गोष्टींपासून सुरू करावी लागते.

दोन वाळवंटे, दोन प्रकृती

कच्छचे छोटे रण हे वाळूचे वाळवंट नसून मिठाचे सपाट मैदान आहे. पावसाळ्यात एकीकडून बनास, रूपेण यांसारख्या नद्यांचे गोडे पाणी आणि दुसरीकडून कच्छच्या आखातातील खारे पाणी या मैदानावर पसरते, आणि पुढील महिन्यांत ते आटले की वर भेगाळलेला कडक पापुद्रा व त्याखाली बराच काळ ओला राहणारा चिखल अशी रचना मागे उरते. पाण्याच्या पातळीहून उंच राहणाऱ्या भूभागांना तेथे ‘बेट’ म्हणतात आणि गवत उगवते ते मुख्यतः या बेटांवरच, त्यामुळे त्यावर जगणारे भारतीय रानगाढव, म्हणजे गुजरातीतील घुडखर, याच परिसरात कळपाने आढळते. त्याच्यासाठी 1970च्या दशकाच्या आरंभी येथे सुमारे 4,954 चौरस किलोमीटरचे अभयारण्य करण्यात आले. साथीच्या रोगांनंतर 1960च्या दशकाच्या अखेरीस चारशेच्याही खाली गेलेली रानगाढवांची संख्या 2024च्या गणनेत 7,672 पर्यंत पोहोचली असून भारतातील वन्यजीव संरक्षणाच्या मोजक्या यशोगाथांत तिची गणना होते. याच रणात जमिनीखालचे खारे पाणी उपसून मीठ पिकवणारे अगरिया लोक वर्षातील सात-आठ महिने कुटुंबासह मुक्काम करतात, त्यामुळे ही जागा निर्जन आहे असे समजून वागणे योग्य ठरत नाही.

जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत पसरलेले 3,162 चौरस किलोमीटरचे डेझर्ट नॅशनल पार्क नावाने राष्ट्रीय उद्यान असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते अभयारण्य आहे आणि त्याच्या हद्दीत अनेक गावे व ढाण्या, म्हणजे शेतांजवळच्या लहान वस्त्या, आजही नांदत आहेत. पर्यटक तेथे सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या पाहायला जात असले, तरी या उद्यानाचे खरे महत्त्व सेवण गवताच्या कुरणांत आणि त्या कुरणांवर जगणाऱ्या माळढोक पक्ष्यात आहे. मराठी वाचकाला हा पक्षी परका नाही. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात त्याच्यासाठी 1979 साली 8,496 चौरस किलोमीटरचे विस्तीर्ण अभयारण्य घोषित झाले होते, पुढे त्याचे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत घटवण्यात आले आणि आज तेथे माळढोक दिसणे ही अपवादात्मक घटना झाली आहे. देशभरात दोनशेच्या आत उरलेल्या या पक्ष्यांपैकी बहुसंख्य जैसलमेरच्या परिसरात असून समोरचे नीट न टिपणारी त्यांची दृष्टी आणि जड शरीर यांमुळे विजेच्या उघड्या तारांवर आदळून होणारे मृत्यू हा त्यांच्यापुढचा मोठा धोका आहे. त्यामुळेच हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2021 व 2024 साली त्यावर महत्त्वाचे आदेश झाले. महाराष्ट्राच्या माळरानावरून जवळपास नाहीसा झालेला पक्षी पाहण्याची संधी, हे नाशिककरांनी एवढ्या दूर जाण्याचे पुरेसे कारण आहे.

ऋतू आधी, तारखा नंतर

छोट्या रणातील अभयारण्य पावसाळ्यात, साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पर्यटकांना बंद असते आणि ते उघडल्यानंतरही जमीन पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात. राजस्थानच्या उन्हाळ्याची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगणे पुरेसे आहे की, जैसलमेरच्या शेजारच्या फलोदी येथे 19 मे 2016 रोजी 51 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. पत्र्याची बंद गाडी अशा उन्हात राहण्याजोगी उरत नाही, आणि अमेरिकेतील डेथ व्हॅलीतही काही भाडे-कंपन्या उन्हाळ्यात आपली कॅरॅव्हॅन नेऊ देत नाहीत, ते याच कारणाने. म्हणून मे महिन्याच्या शालेय सुट्टीचा विचार सोडून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा. या काळात दिवस सुखद असतात, मध्य आशियातून आलेले करकोचे फलोदीजवळच्या खीचन गावी मोठ्या संख्येने उतरलेले असतात, आणि रात्री मात्र पारा एक आकडी अंशांपर्यंत उतरू शकतो, याचा विचार करून जाड पांघरुणे बरोबर घ्यावी लागतात. दिवाळीनंतरचा आठवडा आणि नाताळची सुट्टी या दिवसांत गुजरात व राजस्थानात गर्दी उसळत असल्याने ते टाळलेले बरे.

वाहन आणि करार

भाड्याच्या कॅरॅव्हॅनचे आपल्याकडे ढोबळ दोन प्रकार आढळतात. पहिल्यात टेम्पो ट्रॅव्हलर किंवा लहान बसच्या साच्यावर चार ते सहा जणांची सोय केलेली असते आणि ती बहुधा चालकासह मिळते. दुसऱ्यात लहान व्हॅनमध्ये दोन-तीन जणांपुरती शय्या व शेगडी असते आणि ती काही ठिकाणी स्वतः चालवायलाही देतात. स्वतः चालवण्यासाठी कायदेशीररीत्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनाची नंबरपाटी काळी व त्यावरील अक्षरे पिवळी असतात, तर चालकासह मिळणाऱ्या प्रवासी वाहनाची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. खासगी वापराची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतल्यास अपघातानंतर विमा नाकारला जाण्याची जोखीम राहते, म्हणून ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. 7,500 किलोपर्यंतच्या व्यावसायिक वाहनालाही हलक्या मोटारीचा परवाना चालतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला असला, तरी उंच, लांब आणि जड गाडी घाटात व जोरदार आडव्या वाऱ्यात चालवण्याचा सराव ही परवान्याहून वेगळी गोष्ट आहे.

करारावर सही करण्यापूर्वी काही बाबी लेखी घ्याव्यात : गाडीला गुजरात व राजस्थानात चालण्याचा अखिल भारतीय पर्यटन परवाना आहे काय, दिवसाला किमान किती किलोमीटरचे भाडे धरले जाईल, टोल, इतर राज्यांचे कर, वस्तू व सेवा कर आणि चालकाचा भत्ता भाड्यात धरला आहे की वेगळा, वाटेत बिघाड झाल्यास दुरुस्ती किंवा बदली गाडीची जबाबदारी कोणाची, आणि अनामत रक्कम कोणत्या कारणांनी कापली जाते. चालक बरोबर असल्यास त्याच्या रात्रीच्या झोपेची सोय आधीच ठरवणे हा शिष्टाचाराचा भाग तर आहेच, पण सुरक्षिततेचाही आहे, कारण डासांत व थंडीत पुढच्या आसनावर रात्र काढलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी शेकडो किलोमीटरांचा प्रवास सोपवायचा असतो. एवढे अंतर रस्त्याने कापायचे नसेल, तर ओझरहून विमानाने अहमदाबादला जाऊन पुढील वाहन तेथून घेण्याचा पर्यायही तपासण्याजोगा आहे.

रस्त्याची विभागणी

नाशिक रोडहून गुजरातकडे जाण्यास पेठमार्गे कपराडा व पारडी हा एक, आणि वणी, सापुतारा, वघईमार्गे चिखली हा दुसरा, असे दोन प्रचलित मार्ग आहेत. पहिल्यात सावळघाट व कोटंबी घाट, तर दुसऱ्यात सापुताऱ्याची वळणे लागतात, म्हणून हा टप्पा दिवसाउजेडी पार करावा. पहिला मुक्काम सुरत-भरूच पट्ट्यात आणि दुसरा अहमदाबाद ओलांडून बजाणा किंवा ध्रांगध्रा येथे, म्हणजे छोट्या रणाच्या दारात, करता येतो. रणात दोन दिवस घालवल्यानंतर राधनपूर, सांचोर व बाडमेरमार्गे जैसलमेरपर्यंतचे सुमारे पावणेपाचशे किलोमीटर अंतर एका दिवसात न रेटता सांचोर किंवा बाडमेर येथे रात्र काढून पूर्ण करावे. जैसलमेरला तीन दिवस आणि परतीला तीन दिवस धरले, तर साधारण दोन हजार किलोमीटरांची फेरी बारा दिवसांत ओढाताण न होता पुरी होते. कॅरॅव्हॅनचा सरासरी वेग ताशी 45 ते 50 किलोमीटर धरावा आणि सूर्यास्तानंतर पश्चिम राजस्थानातील रस्त्यांवर गाडी चालवू नये, कारण अंधारात उंट, गायी आणि नीलगायी रस्त्यावर अचानक समोर येतात.

नाशिकच्या द्राक्षबागांतून निघालेल्या प्रवाशाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : गुजरातेत दारूबंदी असल्याने परवान्याविना वाइनची एक बाटली गाडीत सापडली तरी तो गुन्हा ठरतो.

पाणी, वीज आणि सांडपाणी

कॅरॅव्हॅनमध्ये साधारणपणे तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, आंघोळ व धुण्याभांड्यांच्या सांडपाण्याची आणि शौचालयाच्या मैल्याची. चौघांनी काटकसरीने वापरले, तरी पिणे, स्वयंपाक व धुणे मिळून माणशी रोज 15 लिटर पाणी लागते. म्हणजे तीन दिवसांचे 180 लिटर आणि तेवढ्याच किलोंचा भार. रणाच्या कडेच्या गावांत जमिनीतील पाणी खारट असल्याने पिण्यासाठी 20 लिटरचे जार शहरातच भरून घेणे श्रेयस्कर ठरते. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय उद्यानांत मैल्याची टाकी रिकामी करण्याची केंद्रे छावणीच्या मैदानालाच जोडलेली असतात. आपल्याकडे ती सोय क्वचितच मिळते, म्हणून मुक्कामाच्या हॉटेल किंवा रिसॉर्टच्या मालकाला विचारून त्यांच्या शोषखड्ड्यात ती रिकामी करावी लागते. पाण्याच्या प्रत्येक साठ्यावर माणसे, गुरे व वन्यप्राणी एकत्र अवलंबून असलेल्या प्रदेशात ती उघड्यावर ओतणे हा अक्षम्य अपराध आहे.

वातानुकूलन यंत्र गाडीतील बॅटरीवर रात्रभर चालत नाही. त्याला बाहेरची वीजजोडणी किंवा जनित्र लागते, आणि जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वासही न येणारा विषारी वायू बंद गाडीत जीव घेऊ शकतो. म्हणून झोपण्याच्या वेळी जनित्र चालू ठेवू नये, आणि मुक्काम 16 अँपिअरची जोडणी देणाऱ्या कुंपणातील जागेत करावा. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी प्रवासात बंद ठेवावी, तिच्या नळीची तपासणी निघण्यापूर्वी करून घ्यावी आणि शेगडी पेटवताना खिडकी उघडी असावी.

अभयारण्याच्या दारात

रणाचा पापुद्रा वरून कितीही टणक दिसला, तरी त्याखालचा चिखल जड गाडीचे वजन पेलत नाही आणि तेथे रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टरही सहजासहजी पोहोचत नाही. म्हणून कॅरॅव्हॅन डांबरी रस्त्यावरच ठेवून, वन विभागाचा प्रवेशपरवाना घेऊन, स्थानिक जीप व वाटाड्यासह रणात जावे. जैसलमेरलाही हीच शिस्त लागू आहे : वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयातून परवाना घेऊन, माळढोकांसाठी कुंपण घातलेल्या सुदासरी परिसरात पहाटे जावे, वाहनातून विनाकारण उतरू नये आणि पक्ष्याचा पाठलाग करण्याचा आग्रह वाटाड्याला करू नये. आंतरराष्ट्रीय सीमा जवळ असल्याने मूळ ओळखपत्र जवळ बाळगावे, सीमावर्ती भागातील निर्बंधांची चौकशी जिल्हा प्रशासनाकडे आधी करावी आणि ड्रोन घरीच ठेवावा. बाडमेर-जैसलमेर रस्त्यालगतच्या आकल येथील जीवाश्म उद्यानात सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची दगड झालेली खोडे पाहता येतात आणि आजच्या वाळवंटाच्या जागी एके काळी घनदाट वन होते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे.

एवढ्या मोठ्या प्रवासाआधी एका रात्रीची रंगीत तालीम नाशिक जिल्ह्यातच करता येते. येवला तालुक्यातील ममदापूर येथील काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र हा कमी पावसाचा, खुरट्या गवताचा प्रदेश आहे. त्याच्या जवळच्या एखाद्या गावात परवानगी घेऊन मुक्काम केला, तर पाणी किती लागते, बॅटरी किती तास टिकते आणि कुटुंबातील ज्येष्ठांना गाडीतील अरुंद शय्या मानवते की नाही, हे घरापासून फार दूर न जाता कळते.

चौघांच्या कुटुंबासाठी ही सहल रेल्वे, हॉटेल आणि जीप यांच्या एकत्रित खर्चाहून स्वस्त पडेलच असे नाही. किंबहुना भाड्याचे वाहन बारा दिवस ताब्यात ठेवल्यास ती महागच पडण्याचा संभव अधिक. तिचा लाभ पैशांत नसून वेळेत आहे, कारण पहाटेच्या पहिल्या जीपच्या वेळी प्रवासी अभयारण्याच्या दाराशी हजर असतो आणि आजारी किंवा पथ्य सांभाळणाऱ्या माणसाला घरचे अन्न मिळते. ज्यांना हा लाभ मोलाचा वाटतो त्यांनी डिसेंबरच्या सहलीसाठी ऑगस्टमध्येच वाहन ठरवावे, परवान्यांच्या तारखा पक्क्या झाल्याशिवाय संपूर्ण रक्कम भरू नये आणि आखणीत एक दिवस राखीव ठेवावा. ज्यांना तो तसा वाटत नाही त्यांनी कॅरॅव्हॅनचा मोह सोडून रेल्वेने जावे, कारण रण आणि माळढोक दोन्ही त्यांनाही तितकेच चांगले दिसतील.