भांड्यावरचे नाव आणि रॅमची पट्टी

नवे भांडे घरात आले की त्यावर नाव घालून घ्यायची आपल्याकडे रीत. लग्नकार्याला शेजारपाजारची पातेली गोळा होतात आणि कार्य उरकल्यावर ज्याची त्याच्या घरी परततात, ती त्या टिंबटिंबांच्या अक्षरांमुळेच. देणाऱ्याचे नाव, तारीख, कधी निमित्तही त्यावर कोरलेले असते. संगणकाच्या रॅमच्या पट्टीचेही असेच असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

समजा, गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडला एका घरी मुलीच्या अभ्यासाचा जुना संगणक रखडत चालतो आहे. कपाटात एक सुटी पट्टी सापडते, पण तिचे लेबल गेलेले. लावावी की टाकून द्यावी? चिचगडहून देवरी, तिथून गोंदिया असा दिवस मोडून जायचे आणि चुकीचीच पट्टी घेऊन परतायचे, हे कोणाला परवडेल?

म्हणून आधी हातातली पट्टी वाचावी. खाली सोनेरी दाते असतात. घरच्या टेबलावरील संगणकाच्या पट्टीला ते १८४ असतील तर ती पहिल्या पिढीची डीडीआर. २४० असतील तर डीडीआर-२ किंवा डीडीआर-३. २८८ असतील तर डीडीआर-४ किंवा ५. दात्यांची संख्या सारखी असली तरी प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी असते. ती मुद्दामच. डीडीआर-२ ला १.८ व्होल्ट लागतात, डीडीआर-३ ला १.५. तेव्हा खाच जुळत नसेल तर जोर लावू नये.

मग भिंग घेऊन काळ्या चिप्स पाहाव्यात. 'के४बी२जी०८' अशी सुरुवात दिसली तर ती सॅमसंगची. 'बी' म्हणजे डीडीआर-३ आणि '२जी' म्हणजे दोन गिगाबिट. अशा आठ चिप्स असल्या तर सोळा गिगाबिट झाले. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून पट्टी दोन जीबीची! लेबल शाबूत असेल तर काम आणखी सोपे. 'पीसी३-१०६००' मधला ३ पिढी सांगतो, पुढचा आकडा वेग: सेकंदाला सुमारे १०,६०० मेगाबाइट.

शिवाय पट्टीवर एक चिमुकली चिप असते. तिच्यात पट्टीची जन्मपत्रिकाच असते: क्षमता, वेग, बहुधा कारखान्याचे नावही. संगणक सुरू होताना ती वाचतो. पट्टी चालत असेल तर 'सीपीयू-झेड' हा मोफत प्रोग्राम ती आपल्यालाही दाखवतो.

पट्टी बसवण्यापूर्वी वीज मात्र बंद करावी आणि संगणकाच्या उघड्या लोखंडी सांगाड्याला हात लावावा. अंगातली स्थिर वीज चिप्सना घातक ठरते.

पातेले कोणाचे, हे विचारत घरोघर हिंडण्यापूर्वी आपण ते उलटे करून पाहतोच ना? पट्टीचेही तेवढेच करायचे. मग गोंदियाला जावे लागलेच, तरी काय मागायचे ते कागदावर लिहून नेता येईल.