विद्यार्थ्याला रोज पुस्तकाजवळ काय बसवते?

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. दरवर्षी या दिवसांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गावागावांतून आपली मुले-मुली येतात. भाषणे ऐकतात, पुस्तके विकत घेतात, 'या वर्षी काहीतरी करून दाखवायचेच' असे ठरवून परततात. दिवाळी संपेपर्यंत त्यांतील अनेकांचे अभ्यासाचे वेळापत्रक फक्त भिंतीवर उरते.

मग आपण म्हणतो, 'पोरांमध्ये जिद्दच राहिली नाही.' चंद्रपूर आणि गडचिरोलीतील गावांत विद्यार्थ्यांसोबत काम करताना आम्हाला हे निदान चुकीचे वाटू लागले आहे. जिद्द असते, ती रोज टिकवायला लागणारा आधार नसतो.

विद्यार्थी काय सांगतात

'तुला अभ्यासाला कशामुळे बसावेसे वाटते?' हे चारचौघांत विचारले की उत्तर ठरलेले असते: समाजासाठी, आईवडिलांसाठी. निवांत बसून एकेकट्याला विचारले की उत्तरे बदलतात.

एक मुलगी म्हणाली, 'मे महिन्यात पहाटे आईसोबत तेंदूपत्ता तोडायला जाते, दुपारभर पुडे बांधते. पुस्तक उघडले की ते ऊन आठवते.' एका मुलाला धाकट्या बहिणीला गणित शिकवताना कळले की आपल्यालाही गणित येते. तेव्हापासून तो रोज बसतो. तिसरा म्हणाला, 'सर दर सोमवारी विचारतात, किती झाले म्हणून.'

ही कारणे किरकोळ वाटतील. पण रोजचा अभ्यास अशाच गोष्टींवर उभा असतो: स्वतःचे खरे कारण, 'मला जमते' असा लहानसा अनुभव आणि आपली चौकशी करणारा एक माणूस.

बाबासाहेबांच्या अभ्यासामागे

बाबासाहेबांची चिकाटी आपण नेहमी सांगतो, तिच्या भोवतीची माणसे मात्र विसरतो. परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब. भीमराव लवकर झोपत. वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागून त्यांना अभ्यासाला उठवत. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर सत्कारात गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही गुरुजींचा वाटा होता. 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

बुद्धिमत्ता त्यांची होतीच. पण अभ्यासाची वेळ, वाचायला जागा, विचारणारा माणूस आणि पुढची वाट या चार गोष्टीही होत्या.

आपल्या जंगलातही हेच दिसते. कुरखेडा तालुक्यातील चिरचाडीच्या आदिवासी कुटुंबातील डॉ. भास्कर हलामी आज अमेरिकेत शास्त्रज्ञ आहेत. पावसाळ्यात घरात धान्य नसे, तेव्हा मोहफुले शिजवून खाण्याचे दिवस त्यांनी सांगितले आहेत. वडिलांना दूर कसनसूरच्या शाळेत स्वयंपाक्याचे काम मिळाले, कुटुंब तिकडे गेले आणि शिक्षण सुरू राहिले. पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन ते यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात गेले, नंतर गडचिरोली, नागपूर आणि अमेरिका. प्रत्येक टप्प्यावर पुढची एक पायरी दिसत होती.

सम्यक व्यायाम म्हणजे काय

अष्टांगिक मार्गातील 'सम्यक व्यायाम' म्हणजे योग्य प्रयत्न. त्याचे चार भाग विद्यार्थ्याच्या दिवसाला सरळ लागू पडतात.

1. न उपजलेले अकुशल उपजू न देणे: अभ्यासाला बसण्यापूर्वी मोबाइल घरच्यांकडे देणे.
2. उपजलेले अकुशल सोडणे: चार दिवस बुडाले तर 'आता सगळेच गेले' हा विचार सोडून पाचव्या दिवशी बसणे.
3. नवे कुशल उपजवणे: रोज एक पूर्ण होईल एवढे काम, दहा उदाहरणे किंवा चार पाने.
4. उपजलेले कुशल टिकवणे व वाढवणे: ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आठवड्यातून एकदा आढावा.

या चारही प्रयत्नांच्या पाली मांडणीत 'छंद' हा शब्द येतो. तिथे छंद म्हणजे करण्याची इच्छा, आणि ती उत्पन्न करावी लागते असे सांगितले आहे. म्हणून 'मूड आला की बसतो' असे म्हणणाऱ्याला आम्ही सांगतो, आधी पंधरा मिनिटे बस. मूड मागून येतो.

आपण काय करू शकतो

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका मुलीने बारावीनंतर शिक्षण सोडले. गुण चांगले होते. वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत न निघाल्याने अर्जाची मुदत गेली. तिला प्रेरणेचे भाषण कमी पडले नव्हते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, हे तिला कोणी वेळेवर सांगितले नाही. आम्हीही सांगितले नाही, याची खंत आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना तीन विनंत्या. गावातले विहार रोज दोन तास अभ्यासिकेसाठी उघडा. वाघाच्या भागात मुली अंधार पडण्याआधी घरी पोहोचतील अशी वेळ ठेवा. पाच-पाच विद्यार्थ्यांमागे एक जण ठरवा, जो दर आठवड्याला 'किती झाले?' एवढे विचारेल आणि पोलीस भरतीत किंवा परीक्षेत नापास झालेल्याकडे आधी जाईल. निकालाची वाट न पाहता दाखले, जात पडताळणी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांसाठी एक रविवार राखून ठेवा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमचे कारण दुसऱ्याला मोठे वाटण्याची गरज नाही. ते खरे असले की पुरे. आज रात्री वहीच्या पहिल्या पानावर ते एका ओळीत लिहा, आणि उद्या किती वाजता, कुठे बसणार तेही त्याखाली लिहा.

जय भीम.