घडवणाऱ्याचा वाटा

१ मार्च २०२४ च्या रात्री हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डीचं विजेतेपद पहिल्यांदा पुण्याकडे आलं. कर्णधार होता अस्लम इनामदार, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच ठरला. त्याआधी पाच महिने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. विजेत्या पलटणला तीन कोटींचं बक्षीस मिळालं. अशा लीगला खेळाडू पुरवणाऱ्या गावोगावच्या मंडळांचा या उलाढालीत नियमानं वाटा किती? काहीच नाही.

यात अस्लमचा दोष नाही आणि पलटणचाही नाही. गुणी पोरानं मोठ्या गावी जायचं, हे नगर जिल्ह्याला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) नवं नाही. याच श्रीरामपूरचा झहीर खान तरुणपणी मुंबईला गेला, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांच्या हाताखाली तयार झाला, रणजी पदार्पण बडोद्याकडून केलं आणि कसोटीत ३११ बळी घेऊन थांबला. श्रीरामपुरात राहून हे होणार नव्हतं. जाणाऱ्याला अडवू नये, याबद्दल दुमत नसावं. वाद आहे तो जाताना मागे काय उरतं याचा. कोच तोच, मैदान तेच, चुना आणि मॅटचा खर्च मंडळाच्याच माथी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दहा-बारा वर्षांची पोरं दारात उभी.

फुटबॉलनं यावर नियम केला आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

पूर्वी युरोपात करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. नव्या क्लबनं जुन्याला पैसे मोजावे लागत. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमननं याविरुद्ध दावा लावला आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की करार संपला म्हणजे खेळाडू मोकळा. खेळाडूच्या दृष्टीनं निकाल शंभर टक्के योग्य. पण फटका बसला तो पोरं घडवणाऱ्या क्लबांना. ॲमस्टरडॅमच्या आयॅक्सनं त्याच वर्षी मे महिन्यात एसी मिलानला १-० नं हरवून युरोपचं अजिंक्यपद मिळवलं होतं, संघातली बरीच पोरं स्वतःच्या अकादमीत वाढलेली. विजयी गोल अठरा वर्षांच्या पॅट्रिक क्लायवर्टचा. पुढच्या दोन वर्षांत डेव्हिड्स, रायझिगर आणि खुद्द क्लायवर्ट करार संपवून निघून गेले, आणि गेले कुठे, तर त्याच मिलानला! आयॅक्सच्या हाती छदामही आला नाही.

तेव्हा २००१ मध्ये फिफानं दोन तरतुदी आणल्या. पहिली प्रशिक्षण भरपाई. खेळाडूनं पहिला व्यावसायिक करार केला, किंवा २३ वर्षांच्या आत तो एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की त्याला वाढवणाऱ्या क्लबांना वर्षागणिक ठरलेली रक्कम. आशियातल्या सर्वांत खालच्या श्रेणीला हा दर वर्षाला दोन हजार डॉलर आहे. दुसरी तरतूद जास्त मजेशीर. खेळाडू कितीही मोठा होवो, करार चालू असताना एका क्लबनं त्याला दुसऱ्या देशातल्या क्लबला विकलं, की किमतीतले ५ टक्के बाजूला काढायचे आणि तो १२ ते २३ या वयात जिथे जिथे नोंदलेला होता, तिथे वाटायचे. १२ ते १५ या चार वर्षांना त्या रकमेचे प्रत्येकी ५ टक्के, पुढच्या आठ वर्षांना प्रत्येकी १० टक्के.

आकडे मांडून बघू. समजा नगरच्या एका क्लबकडून एक पोरगा बाराव्या वर्षापासून तीन हंगाम खेळला, मग पुण्याला गेला, पुढे मोठ्या क्लबकडे, आणि पंचविसाव्या वर्षी त्या क्लबनं त्याला दोन कोटींना परदेशात विकलं. पाच टक्के म्हणजे दहा लाख. त्यातले प्रत्येक वर्षाचे पन्नास हजार याप्रमाणे नगरचा वाटा दीड लाख. तालुक्याच्या क्लबला त्यात वर्षभराचे बॉल, जाळ्या, गाडीभाडं सुटेल. आणि पोरगा पुढे पुन्हा तसाच विकला गेला, तर वाटा पुन्हा.

हिशेब गोड आहे, पण आपल्याकडे तो कागदावरच राहतो. एक तर भारतीय क्लबांमधले बहुतेक बदल करार संपल्यावर होतात. किंमतच नाही तर पाच टक्के कशाचे? आणि हा ५ टक्क्यांचा नियम मुळात देशाबाहेरच्या व्यवहारांसाठी. देशातल्या देशात क्लबांना मोबदला कसा द्यायचा ते त्या त्या देशाच्या महासंघावर सोडलं आहे. भारतीय महासंघाच्या नियमांत प्रशिक्षण भरपाई आहे, पण ती मागायला येणारा क्लब आधी कागदावर दिसायला हवा.

कारण सगळं उभं आहे नोंदणीवर. नोव्हेंबर २०२२ पासून फिफाचं क्लिअरिंग हाऊस पॅरिसमधून हे पैसे वाटतं. त्यासाठी प्रत्येक खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट तयार होतो: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो कोणत्या क्लबचा. पासपोर्टात क्लबचं नाव नसेल तर कोचनं पाच वर्षं पहाटे शिट्टी वाजवली त्याला किंमत नाही. आपल्या जिल्ह्यात कारखाने उसाची पळवापळवी करतात, पण तिथे निदान काट्याची पावती मिळते. पोरांच्या बाबतीत आपण पावतीच फाडत नाही.

महाराष्ट्रातली आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव घ्या. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, नंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद. तालमींच्या फुटबॉलनं वेडावलेल्या गावातला हा पोरगा लहानपणीच राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पुण्याला गेला. म्हणजे घडवण्यातला मोठा वाटा सरकारी निवासी केंद्राचा, आणि फिफाचा नियम ओळखतो फक्त क्लबला. बरं, क्लब तरी टिकतात का? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. नगरहून सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्यात चार वर्षांत तीन क्लब उठले. बंद पडलेल्या क्लबचा वाटा देशाच्या महासंघाला मागता येतो, अट एवढीच की तो मुलांच्या फुटबॉलवर खर्च व्हावा. छोट्यांकडून पोरं नेणारे श्रीमंत क्लबच आपल्याकडे इतके अल्पायुषी.

मग कबड्डीचं काय? फुटबॉलचा नियम उचलून तिथे चिकटवता येणार नाही. फुटबॉलमधली किंमत एक क्लब दुसऱ्या क्लबला देतो. प्रो कबड्डीच्या लिलावातली बोली म्हणजे खेळाडूचं स्वतःचं मानधन. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६०.५ लाखांची बोली लागली, ती त्याची कमाई. त्यातून मंडळाचा वाटा कापणं म्हणजे दहा-बारा वर्षांची कारकीर्द असलेल्या पोराच्या खिशात हात घालणं. वाटा द्यायचा तर तो बोलीच्या वर, फ्रँचायझीनं द्यावा. हे अशक्यही नाही. आयपीएलमध्ये परदेशी खेळाडूंच्या मानधनाच्या प्रमाणात त्यांच्या देशाच्या क्रिकेट मंडळाला वेगळी रक्कम जाते. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाला जे मिळू शकतं ते टाकळीभानच्या मैदानाला का नाही, याचं पटेल असं उत्तर मला तरी सापडत नाही. पवनच्या बोलीवर वरचे पाच टक्के धरले तर तेरा लाख होतात. तेवढ्यात फ्रँचायझी बुडत नाही, आणि एखाद्या मंडळाची कित्येक वर्षांची मॅट येते.

हा नियम वरच्यांनी करायचा आहे, आणि लीग स्वतःहून करील अशी आशा नको. युरोपातही न्यायालयाचा दणका बसल्यावरच हालचाल झाली. राज्य आणि जिल्हा कबड्डी संघटनांनी तो मागायला हवा. फुटबॉलवाल्यांना मात्र थांबायचं कारण नाही. जिल्ह्यातल्या क्लबांनी आणि शाळेच्या मैदानावर संघ चालवणाऱ्या सरांनी आधी आपला क्लब जिल्हा संघटनेशी रीतसर संलग्न करावा, आणि पोरगा बारा वर्षांचा होताच महासंघाच्या नोंदणी प्रणालीत, सीआरएसवर, त्याचं नाव आपल्या क्लबखाली चढवावं. जन्मदाखला, फोटो आणि पालकांची सही याच हंगामात जमा करा. पोरगं पुण्याला गेल्यावर मागच्या वर्षांची नोंदणी करता येत नाही.