चौकट : एकाच वृत्तीची दोन टोके

शिरूर तालुक्यातल्या पाबळला मस्तानीची समाधी आहे. तिच्याविषयीचे समकालीन पुरावे मोजके. कल्पनेला मात्र तेवढे पुरले. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' (१९७२) कादंबरीने आणि तिच्यावर बेतलेल्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटाने (२०१५) मस्तानीची प्रेमकथा घरोघरी पोहोचवली. रोमँटिक मनाची ओढाताण इथे उघड दिसते. त्याला गतकाळाचे वैभव हवे असते आणि त्या काळाच्या रूढी झुगारणारे प्रेमिकही.

१८३०च्या पॅरिसमध्ये या रोमँटिक वृत्तीची दोन टोके दिसतात. चित्रकार देलाक्र्वा रस्त्यावर उतरलेली क्रांती रंगवत होता. त्याच वर्षी संगीतकार बर्लिओझच्या 'सिंफनी फँटास्टिक'मध्ये एकाच प्रेमवेड्या कलावंताचे अंतरंग वाद्यवृंदातून उमटले.

मराठीत केशवसुतांच्या कवितेत समाजातली क्रांती आणि कवीचे अंतरंग ही दोन्ही टोके एकत्र नांदतात. 'तुतारी' आणि 'झपूर्झा' दोन्ही १८९३च्या. पहिली समाजाला जागे करते, दुसरी जगाचे भान हरपलेल्या तंद्रीत रमते.

माधव जूलियनांचा पेच याहून गुंतागुंतीचा, आणि म्हणूनच जास्त मोलाचा. ते फार्शीचे प्राध्यापक. गझल मराठीत रुजवली त्यांनी, 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) रचला त्यांनीच. पुढे तेच मराठीतले परके शब्द टाळू पाहणाऱ्या भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. 'विरहतरंग'मध्ये प्रेमभावना मोकळी सोडणारा हा कवी 'छंदोरचना'त मात्रांचा काटेकोर हिशेब मांडतो.

दौंड तालुक्यातले चौफुला लावणीच्या संगीतबारीसाठी प्रसिद्ध आहे. लावणीचा युरोपातल्या रोमँटिक चळवळीशी संबंध नाही, पण पेच ओळखीचा वाटतो : विरह बाईचा, गळा बाईचा, आणि जुन्या लावण्यांतले शब्द बहुतेक पुरुष शाहिरांचे.