'ऑफ' लागला की अर्थ फिरतो: पे ऑफ, कॉल ऑफ आणि राइट ऑफ

बँकेचं पत्र असो की मुंबईच्या ग्राहकाचा मेसेज, इंग्रजी क्रियापदामागे छोटासा 'ऑफ' लागला की अर्थच फिरतो.

आधी सोपं बघू. आपण 'फेडून टाक', 'विकून टाक' म्हणतो ना? त्यातलं 'टाक' म्हणजे काम एकदाचं संपव. 'पे ऑफ' म्हणजे कर्ज फेडून टाकणं, 'सेल ऑफ' म्हणजे विकून टाकणं. पण ही युक्ती दर वेळी चालत नाही. 'बिझनेस टेक ऑफ झाला' म्हणजे धंद्याने जोर धरला. मराठीत 'धंदा उडाला' म्हणालात तर लोक सांत्वनाला येतील!

'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' सरळ पाठच करा. समजा, पावसहून ठाण्याला हापूसच्या २० पेट्या जायच्यात. 'पुट ऑफ टिल मंडे' असा मेसेज आला तर ऑर्डर आहे, फक्त सोमवारवर गेली. पेट्या भरू नका, आंबा आढीतच राहू दे. 'कॉल्ड ऑफ' आलं तर ऑर्डर रद्द. लगेच दुसरं गिऱ्हाईक बघा, तयार आंबा थांबत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारा, 'राइट ऑफ'. २०१७ आणि २०१९ मध्ये राज्यात शेतकरी कर्जमाफी झाली, त्यामुळे 'बँकेने कर्ज राइट ऑफ केलं' वाचलं की आपल्याला वाटतं, सुटलो. पण माफीला इंग्रजीत 'वेव्हर' म्हणतात. 'राइट ऑफ' म्हणजे वसुलीची आशा कमी, म्हणून बँकेने ती रक्कम स्वतःच्या ताळेबंदातून काढली. हा त्यांचा आतला हिशेब झाला. तुमचं देणं तसंच राहतं, वसुलीही चालू राहते, आणि जामीनदारसुद्धा सुटत नाही बरं का. वर क्रेडिट रिपोर्टवर 'रिटन ऑफ' शेरा बसतो, आणि नवं कर्ज मागायला गेलात की तोच आधी दिसतो.

म्हणून मुद्रा लोनचा अर्ज करण्याआधी रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. जुन्या कर्जापुढे 'क्लोज्ड' हवं. 'सेटल्ड' म्हणजे कमी पैशात तडजोड झाली, तेही बँकेला खटकतं. बाकी रक्कम भरलीत की 'नो ड्यूज'चं पत्र घ्या. आणि चारही रिपोर्ट एकदम काढू नका. एक राखून ठेवा, म्हणजे शेरा बदलला का ते नंतर फुकटात बघता येईल.